कॅप्चा कोणता लावावा: चित्रांचा, ओटीपीचा की न दिसणारा?

वसमतला आमच्या हळद उत्पादकांच्या गटाचा नोंदणी फॉर्म मीच बनवला. पंधरा दिवसांत त्यात कचरा नोंदींचा ढीग लागला आणि कॅप्चा, म्हणजे फॉर्म माणूस भरतोय की बॉट (आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम) हे तपासणारी सोय, लावणं भाग पडलं. आता तुम्ही ठरवत असाल तर माझा अनुभव सांगतो.

वाकडीतिकडी अक्षरं नकोतच. असली सगळ्यात अवघड अक्षरंही मशीन ९९.८ टक्के अचूक ओळखतं, हे गूगलनेच २०१४ साली जाहीर केलं होतं. अडतो तो फक्त माणूस.

चित्रांचे चौकोन त्यापेक्षा बरे वाटतात. पण 'फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा' म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसानं काय निवडावं? तरी डोळस माणूस दोन-तीन फेऱ्यांत निभावतो. माझ्या मामांना दिसत नाही, ते टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, मोबाईल वापरतात. त्यांच्यासाठी हेडफोनचं चिन्ह असतं, ते दाबलं की चित्रांऐवजी ऐकून टाइप करायचं, म्हणून मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात खरखरीतून इंग्रजी आकडे सुरू झाले आणि त्याच वेळी टॉकबॅकही बोलायला लागला. मामांनी पहिला आकडा टाइप केला, टॉकबॅकनं तो मोठ्यानं वाचला, तेवढ्यात पुढचे दोन निघून गेले. पाच वेळा असंच. शेवटी म्हणाले, "भाचेबुवा, राहू दे, तूच भर." एरवी बँकेचा व्यवहारसुद्धा ते स्वतः करतात. ते 'राहू दे' मला फार लागलं. चित्रांचा कॅप्चा त्याच रात्री काढला.

ओटीपी पैशाच्या व्यवहाराला हवाच. साध्या नोंदणीला मात्र जड जातो: शेतात रेंज नसते, आणि बऱ्याच घरांत नोंदवलेला नंबर पुण्याला गेलेल्या मुलाकडे असतो.

सध्या माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, क्लाउडफ्लेअर कंपनीच्या टर्नस्टाइलसारखी ब्राउझरच मागच्या मागे तपासणारी सोय. कधीमधी एक टिचकी मागते, कोडं घालत नाही. दुसरी, लपवलेला रकाना: माणसाला दिसत नाही, बॉट भरतो आणि सापडतो. हा रकाना नुसता स्क्रीनबाहेर ढकलू नका. टॉकबॅक तो वाचून दाखवतो आणि अंध माणूसच बॉट ठरतो. पानाच्या कोडमध्ये (सीएसएसमध्ये) त्याला 'डिस्प्ले नन' करा, म्हणजे तो टॉकबॅकलाही सापडत नाही. त्या रकान्याचं ऑटोफिलही बंद ठेवा, नाहीतर ब्राउझरच तो आपोआप भरू शकतो.

जिद्दीनं मागे लागलेला बॉट यातून सुटेलही. मोठ्या साइटला हे कदाचित पुरणार नाही. आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन कचरा नोंदी येतात, त्या मी हातानं काढतो. यंदाची नोंदणी मामांनी स्वतः केली.