लाल-काळ्या चेंडूचे पुस्तक : जॉन न्यूबेरीचे ‘अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक’

मुलांना आनंद वाटावा म्हणून त्यांच्यासाठी पुस्तक विकत घ्यायचे, ही सवय इंग्लंडमध्ये ज्यांनी लावली त्यांत जॉन न्यूबेरी या प्रकाशकाचा वाटा फार मोठा आहे. त्याने १७४४ साली लंडनमध्ये काढलेले हे तळहाताएवढे पुस्तक आयझाया थॉमस याने १७८७ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथे पुन्हा छापले. ती प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून मोफत उपलब्ध केली आहे आणि मी तीच वाचली.

पुस्तकाचा मोठा भाग मुळाक्षरांचा असून बहुतेक पानांवर एका खेळाचे ठशाचे चित्र, त्याखाली चार ओळींचे पद्य आणि शेवटी बोध आहे. आंधळी कोशिंबीर, गोट्या, पतंग असे ओळखीचे खेळ भेटतात; ‘टिप-कॅट’ तर जवळजवळ आपला विटीदांडूच. ‘बेस-बॉल’च्या पानावर चेंडू टोलवून मुलगा पुढच्या खांबाकडे पळतो आणि आनंदाने घरी येतो, तर बोधात धनासाठी समुद्र ओलांडणारे खलाशी येतात. माझी सात वर्षांची भाची त्या खांबांवरून बोट फिरवत राहिली आणि बोध ऐकायला काही थांबली नाही. न्यूबेरीचे यश मला तिथेच दिसले.

नुसते पुस्तक सहा पेन्सला आणि मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची उशी घेतल्यास आठ पेन्सला मिळे. चांगल्या वागण्याची टाचणी या खेळण्याच्या लाल बाजूला, वाईटाची काळ्या बाजूला टोचायची. दहाही टाचण्या लाल बाजूला आल्या तर एक पेनी आणि काळ्या बाजूला गेल्या तर छडी, असे इंग्रजी लोककथेतला राक्षस मारणारा जॅक पुस्तकातल्या पत्रातून कळवतो. खेळणे हाती देऊन त्यावरच शिक्षेचा हिशेब मांडणे मला पटत नाही.

न्यूबेरी या वाटेवरचा पहिला नव्हे; टॉमस बोरमन आणि मेरी कूपर त्याच सुमारास मुलांसाठी पुस्तके काढत होते. मात्र १७५१ मध्ये मासिक, १७६१ मध्ये न्यूटनचे विज्ञान सांगणारे पुस्तक आणि १७६५ मध्ये ‘गुडी टू-शूज’ अशी त्याने जी सातत्याने भर घातली, तिच्यामुळे बालपुस्तकांचा व्यवसाय स्थिरावला. ‘गुडी टू-शूज’मध्ये नायिकेचे वडील जिथे तापाने दगावतात तिथे डॉक्टर जेम्सची तापावरची पूड मिळत नव्हती, असे वाक्य आहे, आणि ती पूड न्यूबेरी स्वतः विकत असे, मुलांच्या गोष्टीत शिरलेली ही जाहिरात मला खटकली.

जुन्या छपाईत ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसत असल्याने मुलाला हे पुस्तक एकट्याने वाचता येणार नाही. शेजारी बसून खेळांची पाने आधी दाखवावीत, पालकांना उद्देशून लिहिलेला सुरुवातीचा मजकूर आपण नंतर वाचावा.