माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटमधलं जुनं दूरदर्शन: स्टुडिओत द्यायचं की घरी उतरवायचं?

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन-चार जणांनी मला हेच विचारलं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय, माळा रिकामा करताना व्हीएचएस कॅसेटचं खोकं सापडलं, काहींवर 'लग्न' लिहिलंय, काहींवर बॉलपेनने 'टीव्ही नाटक' नाही तर नुसतंच 'रविवार', आता यांचं काय करू? फोनवर प्रत्येकाला सांगता सांगता माझंच काहीतरी सुटतं म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी हे सांगतो की प्रश्न फक्त तुमच्या घरापुरता नाहीये. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळी व्हिडिओ टेप प्रचंड महाग, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून पुढच्या रेकॉर्डिंगला वापरायची ही रीतच होती, आणि बरंच काही तर थेट प्रक्षेपणच असायचं म्हणजे टेपवर आलंच नाही. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेने पण साठच्या दशकातले 'डॉक्टर हू' या आपल्या गाजलेल्या मालिकेचे भाग असेच पुसले, मग त्यातले नऊ २०१३ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं ते कुठे, तर नायजेरियात, परदेशी स्टेशनला दाखवायला पाठवलेल्या फिल्म प्रिंटच्या रूपात. आपल्या मराठी कार्यक्रमांच्या प्रिंट अशा देशोदेशी गेल्या नाहीत. म्हणून आपल्याकडे दुसरी प्रत असलीच तर ती कुणाच्या तरी माळ्यावर असणार, टीव्हीवरून घरच्या व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेली. हे डोक्यात ठेवूनच खालचे पर्याय बघा.

पहिला पर्याय स्टुडिओ. प्रत्येक गावात लग्नाचं शूटिंग करणारा कुणीतरी असतो जो कॅसेट घेतो आणि चार दिवसांनी पेनड्राइव्ह देतो. सोपं आहे, तुमचा वेळ जात नाही, व्हीसीआर शोधायला लागत नाही. लग्न, मुंज, बारसं यासाठी मी डोळे झाकून हाच पर्याय सांगेन, कारण तिथे तुम्हाला चेहरे बघायचेत आणि ते बघता येतात. पण टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटसाठी नाही. माझ्या आत्याकडची एक कॅसेट होती, ८६-८७ च्या सुमाराची, त्यात एक मराठी नाटक, आधी थोड्या बातम्या, मध्ये निवेदिका येऊन पुढचे कार्यक्रम सांगते, जाहिराती, आणि एका जागी प्रक्षेपण तुटून 'व्यत्यय' ची पाटी पण होती, हे सगळं मला लहानपणी बघितलेलं नीट आठवत होतं. मी ती एका स्टुडिओत दिली. त्या माणसाने खरंच मनापासून काम केलं, आणि मला खूश करायला म्हणून बातम्या, निवेदिका, जाहिराती, पाटी सगळं कापून नुसतं नाटक 'क्लीन' करून दिलं, वर चित्र आडवं ताणून आजच्या रुंद टीव्हीच्या मापाचं केलं, त्यामुळे सगळे नट बुटके नि रुंद. नाटकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळेलही. त्या दिवशीची निवेदिका, ती घोषणा, साबणाची ती जाहिरात परत कुठे मिळणार? आणि तारीख पण त्यातूनच कळते ना, बातमीत कोणता मंत्री, कोणती मॅच, यावरून दिवस काढता येतो, कॅसेटवर तर नुसतं 'रविवार' लिहिलेलं. कॅसेट परत घेऊन आलो तेव्हा त्यांच्या मशीनने टेप मध्ये एका जागी खाल्लेली होती. आजही तो भाग लागला की पोटात कालवतं.

म्हणून स्टुडिओत द्यायचीच असेल तर कागदावर लिहून द्या: काहीही कापू नका, पहिल्या मुंग्यांपासून शेवटच्या मुंग्यांपर्यंत सगळं हवं, चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं म्हणजे ४:३ च ठेवा, रंग 'सुधारू' नका, आणि कॅसेट परत हवी. जो माणूस 'इंटरलेस्ड फाइल मिळेल का' (म्हणजे जुन्या टीव्हीसारखी, प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत ठेवलेली) या प्रश्नावर गोंधळणार नाही त्याच्याकडेच द्या. असे लोक आहेत, मोठ्या शहरात तर नक्कीच, फक्त विचारायला हवं.

दुसरा पर्याय म्हणजे घरी, यूएसबी डोंगल लावून. डोंगल हजार-पंधराशेत मिळतो, एका बाजूला व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. खरी अडचण डोंगलची नसून व्हीसीआरची आहे, कारण नवा व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये बनवणं थांबवलं. म्हणजे आता जे आहे ते जुनंच. मुंबईत लॅमिंग्टन रोड नि चोरबाजार, पुण्यात बुधवार पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे फिरलात तर मशीन दिसतं, पण घेण्याआधी तिथेच एखादी फालतू कॅसेट घालून चालवून बघा, पुढे-मागे फिरवून बघा, आणि घरी आणल्यावर हेड स्पिरिटने साफ केल्याशिवाय आत्याची कॅसेट त्यात घालू नका. माझं तर मत आहे की नातेवाइकांकडे पडलेला बंद व्हीसीआर दुरुस्त करून घेणं बाजारातल्या अनोळखी मशीनपेक्षा बरं, निदान त्याचा इतिहास माहीत असतो.

डोंगलची कमजोरी अशी की जुन्या टेपचा सिग्नल डळमळीत असतो, चित्राचा वरचा भाग वाकतो, मध्ये मध्ये तुटतं, आणि स्वस्त डोंगल अशा वेळी फ्रेमच गाळतो. मग तासाभराने बघता तर आवाज पुढे आणि ओठ मागे. लग्नाच्या कॅसेटला चालून जाईल, नाटकाला नाही चालत.

यावरचा उपाय म्हणजे तिसरा पर्याय, आणि मी सध्या हाच वापरतो. व्हीसीआर आणि डोंगल यांच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर ठेवायचा (प्लेअर नाही, रेकॉर्डर), त्यात रेकॉर्ड काही करायचं नाही, सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा. पॅनासॉनिकची काही जुनी मॉडेल्स असा वाकडा सिग्नल सरळ करून पुढे पाठवतात. जे व्यावसायिक लोक आहेत त्यांच्याकडे यासाठी टाइम बेस करेक्टर नावाचं वेगळं यंत्रच असतं, ते महाग आणि दुर्मिळ, आपल्याला एवढ्यावर भागतं. ज्यांच्याकडे जुना मिनी-डीव्ही कॅमेरा पडलाय त्यांनी तोही बघा, काही कॅमेऱ्यांतून सिग्नल तसाच आरपार काढता येतो आणि आवाज घसरण्याचा त्रास पण कमी होतो, मात्र कॉम्प्युटरला फायरवायर पोर्ट (अशा कॅमेऱ्याची वायर लावायची जुनी जागा) हवा आणि तो आता सहज मिळत नाही.

फाइल कुठली करायची यावर लोक सगळ्यात जास्त अडतात. डीव्हीडीच्या दर्जाची फाइल केली तर तासाला तीन-चार जीबी, डीव्ही फाइल तासाला साधारण १३ जीबी, आणि एकही तपशील न गमावणारी म्हणजे हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ केली तर तासाला पंचवीस-तीस जीबी आरामात. लग्नाला डीव्हीडीचा दर्जा पुरे. टीव्हीच्या रेकॉर्डिंगला मी तीस जीबीवालीच करतो, कारण हे काम दुसऱ्यांदा करायला टेप शिल्लक असेलच याची खात्री नाही. ती मूळ फाइल इंटरलेस्डच ठेवायची, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, जशी आली तशी. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपसाठी त्याची छोटी प्रत वेगळी काढा. आणि ते एआय लावून चेहरे चकचकीत करणारं जे निघालंय ना, ते मूळ फाइलवर कृपा करून चालवू नका, त्यात डोळे-दात त्या माणसाचे राहत नाहीत, सॉफ्टवेअरने रंगवलेले असतात.

चौथा एक मार्ग आहे, व्हीएचएस-डिकोड नावाचा. त्यात व्हीसीआर उघडून हेडपासून येणारा कच्चा सिग्नलच पकडतात आणि चित्र सॉफ्टवेअर बनवतं. निकाल उत्तम, उद्या सॉफ्टवेअर सुधारलं तर त्याच कच्च्या सिग्नलमधून आणखी चांगलं चित्र निघेल. पण सोल्डरिंग यायला हवं, डिस्क भरपूर लागते, वेळ तर विचारूच नका. दोनशे कॅसेट असतील तर वेड लागेल, एकच अतिशय मोलाची असेल तर हे काम येणारा माणूस शोधा.

कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघा, रिळावर पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. कोकणात नि मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटला ती हमखास. ती व्हीसीआरमध्ये घालू नका, नुसती फॉरवर्ड पण करू नका, टेप फाटते आणि बुरशी मशीनमधून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. अशा वेळी घरच्यापेक्षा जाणकाराकडे देणं नक्की बरं, तोवर वेगळ्या डब्यात कोरड्या जागी उभी ठेवा.

आता शोधायचं कुठे. इथे लोक एक चूक करतात. 'चिमणराव' सारखी दूरदर्शनची जुनी मालिका शोधायची म्हणून व्हीएचएसच्या मागे लागतात. पण ती सत्तरच्या दशकातली. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात व्हीसीआर आले ते १९८२ च्या आगेमागे, एशियाड आणि रंगीत टीव्हीबरोबर, तेही बहुतेक गल्फमधून कुणी आणले तर. म्हणजे व्हीएचएसवर ऐंशी-नव्वदचं सापडेल, सत्तरचं सापडलं तर ते पुनःप्रक्षेपणाचं. सत्तरसाठी ऑडिओ कॅसेट शोधा! टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्या सगळ्यांना गप्प बसवून रेकॉर्डिंग करणारे काका तेव्हाही होतेच. डॉक्टर हू च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे तो अशाच प्रेक्षकांनी घरी केलेल्या रेकॉर्डिंगमुळे. ऑडिओ कॅसेट उतरवणं तर फारच सोपं, चांगला डेक आणि एक वायर, त्यामुळे चित्राच्या नादात ती बाजूला टाकू नका.

जुन्या बाजारात फिरण्यापेक्षा नात्यात फोन करणं मला जास्त फळलंय. बाजारात येणाऱ्या कॅसेट बहुतेक हिंदी सिनेमाच्या. त्या काळी ज्यांचे भाऊ-बहीण अमेरिकेत होते त्यांच्याकडे विचारा, कारण इथून मराठी नाटकं-मालिका रेकॉर्ड करून पाठवायचे लोक, आणि तिकडची टीव्हीची पद्धत वेगळी (एनटीएससी) असल्याने आपली पाल पद्धतीची कॅसेट लागायला दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागायचा, तो एखाद्याकडेच असायचा, म्हणून कितीतरी कॅसेट एकदा-दोनदाच चाललेल्या, म्हणजे न झिजलेल्या असू शकतात. आणि कलाकारांच्या, निर्मात्यांच्या घरी पण, स्वतःचं काम कोण रेकॉर्ड करून ठेवणार नाही. आठवड्याला एक फोन या हिशोबानेसुद्धा वर्षात पन्नास घरं होतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये जाईपर्यंत घरी टीव्ही सतत रेकॉर्ड केला, सत्तर हजारांच्या आसपास कॅसेट झाल्या, त्या सगळ्या इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयाकडे गेल्या. एका घरातून एवढं निघालं.

उतरवल्यावर ठेवायचं कुठे? यूट्यूब आणि इंटरनेट अर्काइव्ह यात यूट्यूबवर लोक बघतात, ओळखतात, 'हा तर माझा मामा' असं सांगणारे तिथेच भेटतात, पण यूट्यूब फाइल दाबून लहान करतं आणि तुमची मूळ फाइल कुणाला मिळत नाही. अर्काइव्हवर मूळ फाइल तशीच राहते, बघणारे कमी. हक्काचं बघायला हवं: आपल्या कायद्यात प्रक्षेपणावर प्रसारकाचा हक्क २५ वर्षांचा, पण नाटकाच्या लेखकाचा, संगीताचा हक्क वेगळा आणि त्याहून लांब, त्यामुळे ८६ चं रेकॉर्डिंग म्हणजे आपोआप मोकळं असं नाही, आणि तक्रार आली तर दोन्हीकडून उतरवावं लागतं. माझा कल असा: जाहिराती, निवेदन, बातम्यांचे तुकडे यूट्यूबवर, अख्खं नाटक आधी लेखकाच्या किंवा निर्मात्याच्या घरच्यांना विचारून. प्रसार भारतीच्या अर्काइव्हला प्रत द्यायची असेल तर जरूर द्या, फक्त प्रतच द्या, कॅसेट स्वतःकडे ठेवा. घरी मूळ फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, त्यातली एक दुसऱ्याच घरात. २००५ च्या सुमाराला कुणी डीव्हीडीवर उतरवून दिलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका, घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडी आता वाचल्या जात नाहीत अशा कितीतरी माझ्याकडेच आहेत.

तर तुमच्या खोक्यात लग्नं असतील तर स्टुडिओ. 'टीव्ही' लिहिलेल्या दहा-वीस कॅसेट असतील आणि शनिवार-रविवार देता येत असतील तर डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये ठेवून घरीच. काहीच न लिहिलेल्या असतील तर त्या आधी घ्या, माझ्या हाताला लागलेलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कोऱ्या लेबलच्या कॅसेटवरच होतं. आणि यातलं काही ठरवायच्या आधी, आजच, प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला जो प्लास्टिकचा छोटा दात असतो तो तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही चढणार नाही.