शेला, चिलखत की दोन्ही? रोमन नाण्यांवरील अर्धप्रतिमा ओळखताना

रोमन नाण्याची नोंद करताना त्यावरच्या प्रतिमेचे डोके फारसे अडवत नाही. लॉरेलच्या पानांचा मुकुट की किरणांचा, हे झिजलेल्या नाण्यावरही कळते. किरणमुकुट बहुधा दुप्पट मूल्य दाखवतो: सम्राट काराकालाने इ.स. २१५ मध्ये काढलेल्या अँटोनिनियानस या दुप्पट मूल्याच्या नाण्यावर किरण, त्याच्या डेनेरियस या चांदीच्या नाण्यावर पाने. अँटोनिनियानसवर सम्राज्ञीच्या प्रतिमेखाली चंद्रकोर असते, तिचाही अर्थ तोच. सम्राट नीरोच्या काळात मात्र पानांचा मुकुट असलेले डुपोंडियसही (दोन आस मूल्याची नाणी) आहेत, तिथे धातू पाहा. डुपोंडियस पिवळ्या पितळेचा, आस हे त्याच्या निम्म्या मूल्याचे नाणे लालसर तांब्याचे.

खरी अडचण खांद्यापाशी येते: सम्राटाच्या अंगावर शेला आहे, चिलखत आहे की दोन्ही, हे तिथेच ठरते. नुसता शेला असेल तर घड्या तिरक्या, कमीजास्त लांबीच्या असतात आणि खांद्यावरच्या गोल पिनेकडे गोळा होतात. नुसत्या चिलखताला गळ्याशी स्वच्छ कडा, खांद्यावर पट्टा आणि दंडावर सारख्या रुंदीच्या, समांतर चामडी पट्ट्या असतात. दोन्ही असतील तर वर घड्या आणि त्यांच्याखालून डोकावणाऱ्या दोन-तीन पट्ट्या. या पट्ट्याच निर्णायक, आणि नेमक्या त्याच नाण्याच्या कडेजवळ येतात. ठसा सरकला की त्या नाण्याबाहेर जातात, म्हणून ‘नुसता शेला’ अशी नोंद पुष्कळदा चुकीची ठरते. दहापट भिंग घ्या, दिवा एका बाजूने खाली ठेवा आणि नाणे हळूहळू फिरवा. तरीही शंका राहिली तर त्याच सम्राटाच्या, काठावर तीच अक्षरे असलेल्या चांगल्या नाण्याशी ताडून पाहा.

प्रतिमा पुढून आहे की पाठीमागून, हेही लिहायलाच हवे. छाती दिसली तर पुढून. शेल्याच्या घड्या पाठीवरून उतरताना दिसल्या तर मागून.

प्रकारांची हौस असेल तर सम्राट प्रोबसची (इ.स. २७६–२८२) नाणी घ्या. भाला-ढाल, शिरस्त्राण, कॉन्सल या रोमन उच्चाधिकाऱ्याचा पोशाख आणि गरुडाचा राजदंड, इतके वैविध्य इतर सम्राटांकडे क्वचितच सापडते. शिकायला सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी साध्या, उजवीकडे पाहणाऱ्या प्रतिमाच घ्याव्यात.

केस गुळगुळीत झालेले आणि घड्या मात्र तीक्ष्ण, एकाच खोलीच्या दिसल्या, तर त्या नंतर कोरलेल्या असण्याची दाट शक्यता असते. असे नाणे सोडून द्या. सारख्या किमतीच्या दोन नाण्यांत चेहरा थोडा झिजलेला पण खांदा पूर्ण असलेले घ्यावे.