कॅशमियरच्या नावावर गेलेले 36,500 रुपये

गेल्या ऑक्टोबरमध्ये श्रीनगरच्या एका दुकानातून मी दोन शाली घेतल्या, पत्नीसाठी 22,500 रुपयांची आणि वहिनींसाठी 14,000 रुपयांची. दोन्ही अस्सल कॅशमियर म्हणून विकल्या आणि दोन्ही खोट्या निघाल्या. सांगायला लाज वाटते. पण आपली माणसे दरवर्षी तिकडे जातात, म्हणून लिहितो आहे.

मी डोळे मिटून खरेदी केली नव्हती. मी 27 वर्षे भाषा शिकवली आहे. काश्मीरच्या शाली अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोहोचल्या आणि प्रदेशाचे नावच तिथे कापडाला चिकटले, तसेच 'पश्मिना' हा शब्द लोकर या अर्थाच्या फारसी 'पश्म'वरून आला, हे मला ठाऊक होते. दुकानदार म्हणाला, "सर, कॅशमियर मतलब कश्मीर ही तो है." मी कौतुकाने मान डोलावली. तिथेच मी उठायला हवे होते! शब्दाचे मूळ प्रदेशात असले, तरी आज त्याचा अर्थ धाग्याचा आहे; लडाखच्या चांगथांग भागातल्यासारख्या ठरावीक शेळ्यांच्या अंगावर राठ केसांखाली थंडीसाठी वाढणारी मऊ लव, हा तो धागा; काश्मीरमध्ये त्यालाच पश्मिना म्हणतात. त्याने तोंडाने धागा विकला आणि पावतीवर लिहिले, 'काश्मिरी शाल, 2 नग'. ती पावती मी न वाचताच घडी करून खिशात घातली, हे आजही डाचते.

त्याने पत्नीची अंगठी मागून घेतली आणि तिच्यातून शाल सर्रकन ओढून दाखवली. व्हिस्कोसची, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या धाग्याची, तलम शालही तशीच निघते, त्यामुळे या परीक्षेवर मुळीच विसंबू नका.

पुण्यात आल्यावर पत्नीच्या शालीच्या झालरीचा एक धागा जाळला, तर कागद जळाल्यासारखा वास आला. केस जळाल्याचा वास आला असता, तरी निर्धास्त होता आले नसते, कारण साधी मेंढीची लोकरही तसाच वास देते. प्रयोगशाळेत 1,770 रुपये भरले. एक शाल निव्वळ व्हिस्कोसची आणि दुसरी व्हिस्कोस व मेंढीच्या लोकरीची, असा अहवाल आला.

पोलीस ठाण्यात सांगितले, खरेदी जिथली तक्रार तिथे. तिकडे 11 वेळा फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले, "खुद आइए." काश्मीर पश्मिन्याला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यासाठी 16 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, हाताने कातलेला आणि हातमागावर विणलेला धागा लागतो, त्या मानांकनाची क्रमांक असलेली चिठ्ठी शालीवर आहे का, ते आधी पाहा आणि 'शंभर टक्के पश्मिना' असे पावतीवर लिहून घ्या. माझ्या पावतीत ते नव्हते, म्हणून ग्राहक तक्रारीच्या कार्यालयातील बाई म्हणाल्या, "काश्मिरी शाल लिहिलंय, काश्मिरी शाल दिली, मग फसवणूक कुठे झाली?" प्रयोगशाळेचा अहवाल त्यांनी उघडलासुद्धा नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, हे त्यांनी मला सांगायचे, तर मला त्यांना सांगावे लागले. त्यावर त्यांनी माझा अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. ती मागायला मी आतापर्यंत 4 वेळा जाऊन आलो आहे.