कोरा चहा आणि सांगलीचे पाणी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी दुपारचा आणि संध्याकाळचा चहा दुधाशिवाय घेऊ लागलो. आता पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणजे थंडी आणि उन्हाळा हे दोन्ही ऋतू या वापरात गेले आणि मत मांडण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेबाचे काम करतो. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत तिथे चहाची किटली दिवसभर फिरत असते आणि प्रत्येक कपात म्हशीचे दाट दूध व भरपूर साखर असल्यामुळे दुपारी डबा उघडेपर्यंत भूक मेलेली असते. चहा सोडण्याचा विचार मनात कधीच आला नाही. फक्त दूध कमी करायचे होते.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांना पहिली सूचना अशी की, घरातील नेहमीच्या चहा पावडरीवर कोऱ्या चहाची परीक्षा घेऊ नये. आपल्याकडे बहुतेक घरांत जी दाणेदार पावडर येते ती सीटीसी पद्धतीची असते. या पद्धतीचे यंत्र १९३० च्या दशकात आसाममध्ये तयार झाले. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून पान चिरडले आणि फाडले जाते व त्याचे गोळीदार दाणे होतात. त्यामुळे आधणात पडताच रंग आणि कडकपणा झपाट्याने उतरतो, आणि दूध, साखर, आले हे सगळे सोसूनही चहाची चव शिल्लक राहावी यासाठी तो कडकपणा लागतोच. तीच पावडर दूध न घालता नेहमीसारखी खळखळ उकळली, तर जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूला असा तुरटपणा बसतो की अर्धा कप संपवणेही जिवावर येते. कोरा चहा म्हणजे कडू काढा, असे मत अनेकांचे होते ते या कपामुळेच.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडे, खरबरीत लागते. दुधात केसिन नावाचे प्रथिन असते. ते कपातच या द्रव्यांना धरून ठेवते, त्यामुळे लाळेच्या वाट्याला ती कमी येतात. म्हणजे दुधाने चहा नुसता दाट होत नाही, त्याचा तुरटपणाही उतरतो. दूध काढून घेतले की ते काम पानाच्या प्रतीला आणि चहा करण्याच्या रीतीला करावे लागते. म्हणूनच दुधाचा चांगला की बिनदुधाचा, हा वाद एकाच डब्यातली पावडर समोर ठेवून घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

मी पुढे ऑर्थोडॉक्स पद्धतीची, म्हणजे पान न फाडता वळून सुकवलेली, पत्ती घेतली. आधी निलगिरीची आणि नंतर दार्जिलिंगची. भौगोलिक मानांकन मिळालेले देशातील पहिले उत्पादन म्हणजे दार्जिलिंगचा चहा, २००४ सालचे. आपल्या सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये मिळाले, त्यामुळे यार्डात या शिक्क्याचे कौतुक कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुड्याची दार्जिलिंग पत्ती फिकट सोनेरी उतरते आणि तिचा वास फुलांकडे झुकतो, पण माझ्यासारख्या आयुष्यभर कडक चहा प्यायलेल्या माणसाला ती फार नाजूक वाटते. निलगिरीची पत्ती रंगाला लालसर, अंगाने भरीव आणि किमतीला बेताची असल्याने रोजच्या वापरासाठी मी तीच कायम केली.

करण्याची रीत अशी: पाण्याला उकळी आली की गॅस बंद करावा, दीडशे मिलिलिटर पाण्याला साधारण दोन ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा पत्ती घालावी, झाकण ठेवावे आणि तीन मिनिटांनी गाळून घ्यावे. पत्ती पाण्यात तशीच पडू दिली की पाचव्या मिनिटाला चव बिघडू लागते. चहाच्या पारखीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे असे कडक प्रमाण आहे, पण ते दोष उघडे पाडण्यासाठी आहे, पिण्याच्या सुखासाठी नव्हे. (त्या मानकात दूध घालून आणि न घालता अशा दोन्ही रीती दिल्या आहेत, हे कट्टर मंडळींनी ध्यानात घ्यावे.)

सर्वांत जास्त शिकवले ते पाण्याने. आमच्या विश्रामबागेतील इमारतीत नळाला कृष्णेचे पाणी येते, पण उन्हाळ्यात टाकीत बोअरचे पाणी मिसळतात. मार्चपर्यंत आरशासारखा स्वच्छ उतरणारा चहा त्यानंतर बदलला. ओतून दोन मिनिटे होतात न होतात तोच त्यावर तपकिरी, किंचित तेलकट दिसणारा पापुद्रा धरायचा, कप हलवला की त्याला भेगा पडायच्या आणि चहा संपल्यावर कडेला मळकट वर्तुळ उरायचे. “कपाला साबण राहिलाय, नीट विसळा की,” असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. साबणाचा त्यात काही दोष नव्हता. जड पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्या संगतीने चहातील द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन असा थर जमतो. दुधाच्या चहावर साय धरत असल्याने तो तिच्यात मिसळून जातो आणि आपल्याला कळत नाही. लिंबाचे चार थेंब टाकले की पापुद्रा धरत नाही आणि रंगही लगेच उजळतो, मात्र पत्तीचा स्वतःचा वास लिंबाखाली दबतो. आता मी चहापुरते फिल्टरचे पाणी वापरतो आणि लिंबू फक्त उन्हातून आल्यावर घेतो.

गुळाच्या बाबतीत मात्र कोऱ्या चहाची बाजू निर्विवाद वरचढ आहे. गुळाचा चहा दुधासह उकळताना नासण्याची धास्ती असते, कारण गुळातील आम्लामुळे तापलेले दूध फाटू शकते. म्हणून अनुभवी गृहिणी चहा खाली उतरवल्यावरच वेगळे तापवलेले दूध घालतात. कोऱ्या चहात ही कसरत नाही. गवती चहाची दोन पाती, गुळाचा लहान खडा आणि निलगिरीची पत्ती, एवढ्यावर थंडीतल्या संध्याकाळी मला दुसरे काही लागत नव्हते.

तोटेही लिहिले पाहिजेत. रिकाम्या पोटी कोरा चहा मला सोसत नाही. मळमळते आणि छातीत जळजळते. गार झालेला कडक कोरा चहा गढूळ दिसू लागतो, तो खराब झालेला नसतो, पण पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही. पत्तीची किंमत नेहमीच्या पावडरीच्या तिप्पट-चौपट पडते. तीच पत्ती दुसऱ्यांदा पाण्यात घालता येते आणि दूध वाचते, तरी पैशाची बचत म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये. पत्ती वासही फार लवकर ओढते. दुकानातील कपाटात ठेवलेल्या पुड्याला आठवड्याभरात हळदीचा वास लागला, जो आले-वेलदोड्याच्या चहात कुणाच्या लक्षातही आला नसता. ज्यांना रक्तात लोह कमी असल्याचे सांगितले आहे, त्यांनी जेवणाला लागून कोणताच चहा घेऊ नये. दूध घातल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

राहिला प्रश्न लोकांचा. आपल्या भागात कोरा चहा हा आजाऱ्याचा किंवा घरात दूध नसल्याचा चहा समजला जातो. तासगावकडून माल घेऊन आलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने माझा ग्लास पाहून, “काय ओ दिवाणजी, तब्येत बरी न्हाई का?” असे काळजीने विचारले होते. कुणाच्या घरी गेल्यावर मी कोऱ्या चहाचा हट्ट धरत नाही. त्यांनी साय बाजूला सारून, आले ठेचून केलेला चहा समोर आला की तो आनंदाने घेतो.

सकाळचा पहिला कप मी आजही म्हशीच्या दुधाचा आणि सीटीसी पावडरीचाच घेतो, आणि त्यात बदल करण्याचे काही कारण मला दिसत नाही. दुपारपासून निलगिरी, दूध नाही, साखर अर्धा चमचा. पुढची खरेदी शंभर ग्रॅमच्या पुड्याचीच करणार आहे, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत मोठा पुडा एकदा फोडला की पत्ती सादळते आणि मग ती दूध घालून उकळण्याच्याच लायकीची उरते.