दोरीविना स्किपिंग रोप: कोकणातल्या पावसाळ्यात एडीएचडी असलेल्यांना कितपत उपयोगी?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणारी मेंदूची जडणघडण. ती असलेल्याचा व्यायाम बहुतेक वेळा सुरू होण्याआधीच अडतो. बूट शोधा, छत्री घ्या, पाऊस उघडायची वाट बघा. यातल्या एखाद्या पायरीवर मन दुसरीकडे जातं आणि दिवस सरतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर चालायला जाणं तर बेभरवशाचंच. अशा वेळी दोरीविना स्किपिंग रोप खरोखर घेण्यासारखी आहे. दोन मुठी, प्रत्येकीला वीतभर दोरी आणि टोकाला वजनदार गोळा, एवढंच तिचं रूप. किंमत साधारण पाचशेच्या आसपास.

तिचं मोल पडवीत कळतं. उतरत्या कौलांखाली लांब दोरी वाशाला आपटते. हिला डोक्यावर उडीपुरती जागा पुरते. शिवाय ती पायात अडकत नाही. एडीएचडीत ही मोठी गोष्ट आहे, कारण लय तुटली की तेवढ्या फटीतून लक्ष निसटतं आणि हात फोनकडे जातो.

मुठीवर मोजणीचा आकडा दिसतो, तो मात्र फसवा. तो गिरक्या मोजतो, उड्या नाही. नुसतं मनगट फिरवलं तरी वाढतो. त्याहून वाईट म्हणजे नव्याच्या नवलाईत कालचा आकडा मोडायच्या नादाने उड्या भरमसाट वाढतात, नडग्या दुखायला लागतात आणि दोरी कोपऱ्यात पडते. आकड्यावर सरळ चिकटपट्टी लावा.

त्याऐवजी वेळ धरा, पण मनातली नको. एडीएचडीत वेळेचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. भाताचा कुकर चढवला की सुरू, पहिली शिट्टी झाली की बंद. 30 सेकंद उड्या, 30 सेकंद दम. पहिले दोन आठवडे चारच फेऱ्या, शिट्टी व्हायची असली तरी. उडी जमिनीपासून दोन बोटं पुरे. दोरी स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला टांगा. कपाटात गेली की ती आठवणीतूनही गेली.

खाली जाड रबरी मॅट हवी. दमट कोब्यावर पाय सटकतो, चटई सरकते आणि जांभ्याचा चिरा गुडघ्यांना कठीण पडतो.

खाऱ्या हवेत मुठीतलं बेअरिंग गंजून करकरायला लागतं. वापरून झाल्यावर मुठी कोरड्या फडक्याने पुसा, महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. आकडा लागणार नसेल तर बटण सेल काढूनच ठेवा, नाहीतर सेल टेकतो त्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो.

कंटाळा येणार, हे धरूनच चाला. बऱ्याच संचांत लांब दोरीही असते. पाऊस ओसरला की ती अंगणात काढा. मधोमध पाय ठेवून ताणल्यावर मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं की क्रम मोडणारच. विसर्जनानंतर एकाच फेरीने सुरुवात करा, बुडलेले दिवस भरून काढायला जाऊ नका.

एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांनी हृदयाचे ठोके वाढू शकतात. ती चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घेताना दुकानातच दोन्ही गोळे जोरात ओढून बघा. गाठ सैल असेल तर गोळा सुटून थेट कुणाच्या तरी अंगावर जातो.