स्लीपर अ‍ॅप आणि कीपर लीग: ड्राफ्टच्या तयारीसाठी कितपत उपयोगी?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेवरची फॅन्टसी लीग (खऱ्या खेळाडूंचा आभासी संघ बांधून त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ) खेळणारे लोक ठाणे-नवी मुंबईत शोधावेच लागतात. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर काम करता करता माझ्यासारख्या काहींना या खेळाची गोडी लागली आणि ती टिकून राहिली. आमची लीग बारा संघांची आहे. सात संघ ठाणे आणि नवी मुंबईत आहेत आणि उरलेले न्यू जर्सी व कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आमच्याच जुन्या मित्रमैत्रिणींचे आहेत. लीगची कमिशनर, म्हणजे व्यवस्थापक, या नात्याने ड्राफ्टची (पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची) व्यवस्था, कीपरच्या (गेल्या हंगामातून राखलेल्या खेळाडूंच्या) नोंदी आणि नियमांवरून होणारे वाद मिटवणे ही कामे माझ्याकडे असतात आणि ती सगळी आम्ही स्लीपर या मोफत अ‍ॅपवर करतो. या परीक्षणात मी अ‍ॅपच्या सगळ्या सोयींचा आढावा घेणार नाही; कीपर लीगचा ड्राफ्ट नीट आखायला ते किती मदत करते, एवढाच प्रश्न घेतला आहे. माझे मत आधीच सांगते. ड्राफ्टचा फळा म्हणून याहून चांगले साधन माझ्या वापरात आलेले नाही, मात्र कोणाला राखायचे हा निर्णय त्यातल्या क्रमवारीवर सोपवू नये.

इंग्लिश प्रीमियर लीगचा फॅन्टसी खेळ खेळणाऱ्या वाचकांना एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यावा लागेल. तिथल्या मुख्य खेळात दहा कोटी पौंडांच्या आभासी रकमेत पंधरा खेळाडू घ्यायचे असतात आणि एकच खेळाडू लीगमधल्या प्रत्येकाच्या संघात असू शकतो. ड्राफ्ट पद्धतीत मात्र खेळाडू एकदा कोणी घेतला की तो बाकीच्या अकरा जणांना मिळत नाही. पहिल्या फेरीत पहिला असलेला दुसऱ्या फेरीत शेवटचा होतो, त्यामुळे बारा संघांच्या स्नेक ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळालेल्याची पुढची पाळी थेट चोविसाव्या क्रमांकावर येते आणि लगेच पंचविसाव्यावर पुन्हा येते. कीपर लीगमध्ये आणखी एक पदर वाढतो, तो म्हणजे गेल्या हंगामातले एक-दोन खेळाडू आपल्याकडे राखता येतात आणि त्यांच्या बदल्यात ड्राफ्टमधली ठराविक फेरी सोडावी लागते. आमच्याकडे प्रत्येकाला दोन कीपर ठेवता येतात. खेळाडू गेल्या वर्षी ज्या फेरीत घेतला होता, त्याच्या एक फेरी आधीची निवड त्यासाठी जाते, आणि हंगामाच्या मध्यात उचललेल्या खेळाडूसाठी दहावी फेरी मोजावी लागते.

या नियमाचा अर्थ नीट उमगला की सगळा हिशेबच बदलतो. कीपर निवडताना खेळाडू किती मोठा आहे हे पाहून भागत नाही. आज तो कोणत्या फेरीत गेला असता आणि आपण त्याच्यासाठी कोणती फेरी देत आहोत, या दोहोंमधले अंतर पाहावे लागते. 2024 च्या हंगामात सिनसिनाटीच्या जमार चेस या वाइड रिसीव्हरने (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) 127 झेल, 1,708 यार्ड आणि 17 टचडाउन अशी कामगिरी करून तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये बहुतेकांच्या यादीत तोच सर्वांत वर होता. परंतु त्याला राखायला पहिलीच फेरी द्यावी लागत असेल तर त्यातून मिळणारा फायदा फार थोडा आहे, कारण त्या निवडीवर आपल्याला जवळपास तेवढ्याच तोलाचा दुसरा खेळाडू मिळालाच असता. याउलट टँपा बेचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) बकी अर्व्हिंग 2024 मध्ये नवखा होता आणि आमच्या लीगमध्ये तो अकराव्या फेरीत गेला होता. त्याने त्या हंगामात 1,122 यार्ड धाव घेतली. पुढच्या वर्षी दहाव्या फेरीच्या मोबदल्यात तो राखणे म्हणजे दुसऱ्या फेरीच्या आसपासचा खेळाडू आठ फेऱ्या स्वस्तात मिळवणे होते. 2025 मध्ये दुखापतीमुळे त्याचे बरेच सामने हुकले, हेही खरे आहे. तरीसुद्धा ज्याने त्याला राखले त्याची फक्त दहावी फेरी गेली होती आणि त्याच्या वरच्या फेऱ्यांतले खेळाडू शाबूत होते. 2024 मध्ये ज्यांनी ड्राफ्टमधल्या पहिल्याच निवडीवर ख्रिश्चन मॅकॅफ्रीला घेतले आणि जो फक्त चार सामने खेळला, त्यांचे नुकसान याच्या कितीतरी पट होते.

हा हिशेब डोळ्यांसमोर मांडण्यात स्लीपरचा फळा खरोखर उत्तम आहे. आडव्या ओळींत फेऱ्या, उभ्या रकान्यांत संघ, आणि प्रत्येक चौकटीला खेळाडूच्या जागेनुसार रंग असल्यामुळे रनिंग बॅक किती गेले आणि वाइड रिसीव्हर किती उरले हे वेगळे मोजावे लागत नाही. कमिशनर ड्राफ्टपूर्वीच प्रत्येक कीपर त्याच्या त्याच्या फेरीच्या चौकटीत बसवून ठेवू शकतो. या वर्षी हे काम संपल्यावर फळ्याच्या वरच्या तीन ओळी जवळजवळ रिकाम्या होत्या आणि सातव्या ते अकराव्या ओळींमध्ये हिरव्या-निळ्या चौकटींची गर्दी झाली होती. ज्याचे दोन्ही कीपर खालच्या फेऱ्यांत होते, त्याच्या हाती पहिल्या सहा निवडी पूर्ण मोकळ्या होत्या, आणि ज्याने हट्टाने तिसऱ्या फेरीचा खेळाडू राखला होता त्याच्या रकान्यातली तेवढ्या वरची भरलेली चौकट सगळ्यांनाच दिसत होती. कोणाशीही वाद न घालता कीपरची किंमत समजावून सांगणारे दुसरे साधन मला सुचत नाही. गेल्या हंगामाचा फळाही अ‍ॅपमध्ये जपलेला असतो, त्यामुळे अमुक खेळाडू कोणत्या फेरीत घेतला होता याचा पुरावा कायम हाताशी राहतो.

किंमत ठरवण्याचा नियम मात्र आपल्याला स्वतःच राबवावा लागतो. एक फेरी आधीची निवड जाणे, सलग दोनच वर्षे राखता येणे, हंगामात उचललेल्याला दहावी फेरी लागणे, असे प्रत्येक लीगचे नियम निराळे असतात, म्हणून मी त्यांची वेगळी तक्ता-वही ठेवते आणि तिच्यावरून चौकटी भरते. नव्या कमिशनरने ही वही पहिल्याच वर्षी सुरू करावी, कारण तिसऱ्या वर्षी आठवणीवर भिस्त ठेवून कोणाचेच समाधान होत नाही.

अ‍ॅपमधल्या क्रमवारीकडे फार सावधपणे पाहावे असे मी म्हणते, त्याचे कारण अंकगणितात आहे. खेळाडूंची सरासरी ड्राफ्ट क्रमवारी ही मुख्यतः दरवर्षी नव्याने सुरू होणाऱ्या लीगमधून तयार झालेली असते. आमच्या लीगमध्ये ड्राफ्ट सुरू होण्याआधीच चोवीस खेळाडू बाजूला झालेले असतात, आणि ते सरसकट वरचे चोवीस नसतात. त्यांत तिसरा असतो, विसावा असतो, सत्तरावाही असतो. म्हणून यादीतला पस्तिसावा खेळाडू आमच्याकडे पस्तिसाव्या निवडीपर्यंत टिकेल असे धरून बसणाऱ्याच्या हातून तो हमखास निसटतो. राखलेल्यांपैकी कोणत्या जागेचे किती, हे त्याहून महत्त्वाचे ठरते. चोवीसपैकी चौदा रनिंग बॅक असतील तर पहिल्या दोन फेऱ्यांत उरलेल्या चांगल्या रनिंग बॅकवर सगळ्यांच्या उड्या पडतात, आणि अशा वेळी ज्याने स्वस्तात रनिंग बॅक राखला आहे त्याने निर्धास्तपणे वाइड रिसीव्हर घेत जावे. ड्राफ्टच्या आधी फळ्यावर हे चित्र मांडून प्रत्येक जागेवर खरोखर भरवशाचे किती उरले आहेत याची स्वतःची यादी करणे, हीच माझ्या मते कीपर लीगची खरी तयारी आहे.

ज्या लीगमध्ये स्नेकऐवजी ऑक्शन (खेळाडूंचा लिलाव) असते, तिथे हाच परिणाम पैशांत मोजता येतो. बारा संघांकडे प्रत्येकी 200 आभासी डॉलर असतील तर एकूण रक्कम 2,400 होते. समजा सगळे कीपर मिळून 300 डॉलरना राखले गेले, पण त्यांचे खरे मोल 600 आहे. मग बाजारात 1,800 डॉलर मोलाचे खेळाडू उरतात आणि त्यांच्यासाठी 2,100 डॉलर हातात असतात, म्हणजे प्रत्येक खेळाडू यादीतल्या किमतीपेक्षा सुमारे 17 टक्के महाग जाणार हे आधीच ठरलेले असते. छापील किमतीला चिकटून राहणारा अशा लिलावात शेवटी पैसे शिल्लक ठेवून उठतो, आणि त्या शिल्लक पैशांचा पुढे काहीच उपयोग नसतो.

कीपरची कमाई खरे तर ड्राफ्टच्या दिवशी होत नाही, ती हंगाम चालू असताना होते. 2023 मध्ये रॅम्सचा पुका नाकुआ हा एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, 177 व्या क्रमांकावर निवडलेला नवखा रिसीव्हर होता आणि बहुतेक फॅन्टसी लीगमध्ये त्याला कोणी घेतलेच नव्हते. पहिल्या सामन्यात त्याने 10 झेल घेतले, दुसऱ्यात 15, आणि हंगामाअखेर 105 झेल व 1,486 यार्ड असे नवख्यांचे विक्रम केले. कोणाच्याही संघात नसलेल्या खेळाडूंवर हंगामात बोली लावता येते; पहिल्या आठवड्यानंतर ज्याने त्याच्यावर मोठी बोली लावली, त्याला पुढच्या वर्षासाठीही कवडीमोलाने खेळाडू मिळाला. स्लीपरवर प्रत्येकाला हंगामाभरासाठी ठरावीक बोलीची रक्कम देता येते आणि बोली गुप्त राहते, ही पद्धत कीपर लीगला फार पोषक आहे. इथे आपल्याला घड्याळाचाही फायदा मिळतो. अमेरिकेतला सोमवार रात्रीचा सामना आपल्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत मंगळवारी पहाटे साधारण पावणेसहाला सुरू होऊन नऊच्या सुमारास संपतो आणि आमच्या बोल्या बुधवारी दुपारी उघडतात. विचार करायला मंगळवारचा पूर्ण दिवस मोकळा मिळतो, तर न्यू जर्सीतल्या मंडळींचा त्यातला बराचसा वेळ झोपेत जातो. बोली ठरवताना मी एकच कसोटी लावते: हा खेळाडू या वर्षी उपयोगी पडेल इतकेच पुरेसे नाही, पुढच्या ऑगस्टमध्ये दहावी फेरी देऊन मी त्याला आनंदाने ठेवीन का? पंचविशीच्या आतल्या रिसीव्हरसाठी मी याचे उत्तर सहज होकारार्थी देते. तिशीकडे झुकलेल्या रनिंग बॅकसाठी मात्र हात आखडता घेते. तिसाव्या वर्षी 1,921 यार्ड धावणारा डेरिक हेन्री हा अपवादच आहे.

ड्राफ्टच्या वेळेबद्दल थोडक्यात. ऑगस्टमध्ये न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि कॅलिफोर्निया साडेबारा तास, म्हणून शनिवारी आपल्याकडची रात्री आठची वेळ सर्वांना सोयीची ठरते. तिथे अनुक्रमे सकाळचे साडेदहा आणि साडेसात वाजलेले असतात. पंधरा फेऱ्यांच्या 180 निवडींतून 24 कीपर वजा केले की 156 उरतात, आणि प्रत्येकाने नव्वद सेकंद पूर्ण वापरले तरी चार तासांच्या आत सगळे आटोपते. ज्या लीगला हेही जमत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅपमध्ये तासांच्या मुदतीचा संथ ड्राफ्ट आहे आणि आपल्या पसंतीची रांग लावून ठेवण्याची सोय आहे. अशा एका संथ ड्राफ्टमध्ये माझी निवड ट्रान्स हार्बर लोकलमध्ये, दिघा गाव आणि ठाण्याच्या दरम्यान उभ्याने झाली होती. रांग आधी लावलेली असल्यामुळे गर्दीतही तिला काही अडचण आली नाही.

सल्ला देणाऱ्या सेवांविषयी विचारणा नेहमी होते. आमच्यापैकी काहींनी डॉलरमध्ये वार्षिक वर्गणी घेणारी एक सेवा घेऊन पाहिली. तिच्यातली कीपरची यादी उत्तम पन्नास खेळाडूंची होती आणि त्यांच्यासाठी कोणती फेरी जाते याचा तिच्यात विचारच नव्हता, त्यामुळे आमच्या लीगसाठी ती निरुपयोगी ठरली. फॅन्टसीप्रोजचे ड्राफ्ट विझार्ड मात्र या कामासाठी सुचवावेसे वाटते, कारण त्यात आपल्या लीगचे कीपर आधी भरून सरावाचा ड्राफ्ट करता येतो आणि अनेक जाणकारांच्या क्रमवाऱ्यांची एकत्रित सरासरी पाहता येते. त्यातल्या काही सोयींना पैसे पडतात, पण सुरुवातीला मोफत भाग पुरतो.

आमच्या लीगमध्ये प्रवेश शुल्क किंवा बक्षिसाची रक्कम कधीच नव्हती, आणि ऑगस्ट 2025 मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केल्यानंतर नव्या लीगनेही हाच मार्ग धरावा. नव्याने कीपर लीग सुरू करणाऱ्यांना माझी शिफारस अशी आहे की पहिल्या वर्षी साधा ड्राफ्ट करावा, पण कीपरचे नियम त्याआधीच लेखी ठरवून अ‍ॅपमधल्या लीगच्या गप्पांच्या खिडकीत टाकून ठेवावेत, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत प्रत्येक जण पुढच्या वर्षाचा विचार करून निवड करू लागतो. दुसऱ्या वर्षी कीपर जाहीर करण्याची मुदत ड्राफ्टच्या निदान एक आठवडा आधीची असावी, आणि त्याच संध्याकाळी कमिशनरने ते फळ्यावर बसवून टाकावेत, जेणेकरून उरलेला आठवडा सर्वांना एकच फळा समोर ठेवून तयारी करता येईल.